संगणकाचा वेग आणि कागदावरचे आकडे

शाळेतील संगणक मंद चालू लागले की एक ठरलेला उपाय सुचवला जातो. नवे घ्या, आणि ते जमत नसेल तर आहेत तेच ‘अपग्रेड’ करून घ्या. अपग्रेड करणे म्हणजे यंत्रातील एखादा भाग काढून त्या जागी अधिक क्षमतेचा भाग बसवणे. तो भाग कोणता, हे बहुतेक वेळा विक्रेत्याच्या दरपत्रकावरूनच ठरते. तीन ठिकाणची दरपत्रके मागवली जातात, तुलनात्मक तक्ता तयार होतो, सर्वांत कमी रकमेपुढे खूण होते आणि खरेदी पार पडते. तक्त्यातील किमतीची तुलना सर्वजण काळजीपूर्वक करतात. पण प्रोसेसरपुढचा गिगाहर्ट्झचा आकडा आणि रॅमपुढचा गिगाबाइटचा आकडा आपल्या शाळेतील कामाशी कसा जोडलेला आहे, हे सहसा कोणी विचारत नाही.

विज्ञान शिकवणाऱ्यांना ही गोष्ट खटकायला हवी. प्रयोगवहीत एकक आणि मोजण्याची पद्धत नसलेला आकडा आपण विद्यार्थ्याला लिहू देत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र तसे आकडे आपण बिनतक्रार स्वीकारतो. म्हणून संगणकाच्या वेगाबद्दल आपल्यापुढे येणाऱ्या तीन प्रकारच्या आकड्यांची चिकित्सा करण्याचे आम्ही ठरवले आहे. घड्याळाचा वेग, ‘किमान आवश्यकता’ आणि एकत्रित गुण, हे ते तीन प्रकार. प्रत्येकात काही तथ्य आहे आणि प्रत्येकात फसगतीला जागा आहे.

गिगाहर्ट्झचा मोह

प्रोसेसर एका घड्याळाच्या ठोक्यांवर काम करतो. एक गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला १०० कोटी ठोके. यावरून ठोके जितके जास्त तितके काम जास्त, असा समज होणे साहजिक आहे. एकाच घराण्यातील दोन प्रोसेसरांची तुलना करताना तो बऱ्याच अंशी खराही ठरतो. पण ठोक्यांची संख्या म्हणजे कामाची संख्या नव्हे. एक माणूस भरभर पण लहान पावले टाकतो आणि दुसरा सावकाश पण लांब टांगा टाकतो. केवळ पावले मोजून पुढे कोण पोहोचेल हे सांगता येणार नाही.

याचा गाजलेला दाखला म्हणजे इंटेल कंपनीचा पेंटियम ४. तो नोव्हेंबर २००० मध्ये १.४ आणि १.५ गिगाहर्ट्झ वेगांत बाजारात आला. त्याआधीच्या पेंटियम ३ मध्ये एक आज्ञा पूर्ण होण्याचे काम साधारण १० टप्प्यांत विभागलेले होते. पेंटियम ४ मध्ये टप्प्यांची संख्या २० करण्यात आली. टप्पे लहान झाल्यामुळे घड्याळ अधिक जलद चालवता आले. मात्र प्रोसेसर पुढच्या आज्ञांचा अंदाज बांधून त्या आधीच रांगेत घेत असतो. अंदाज चुकला की रांगेतील अर्धवट काम टाकून द्यावे लागते, आणि रांग जितकी लांब तितके नुकसान अधिक. परिणामी कित्येक कामांत १ गिगाहर्ट्झचा पेंटियम ३ या नव्या प्रोसेसरच्या तोडीस तोड ठरला, काही कामांत तर पुढेही गेला. मात्र जाहिरातीत मोठा आकडाच उठून दिसत होता.

प्रतिस्पर्धी एएमडी कंपनीला याचा इतका जाच झाला की २००१ मध्ये तिने आपल्या प्रोसेसरांना घड्याळाच्या वेगाऐवजी वेगळेच क्रमांक दिले. त्यांतील ‘१८००+’ या नावाच्या प्रोसेसरचा खरा वेग १.५३ गिगाहर्ट्झ होता. पुढे उष्णता आणि वीज यांनी या शर्यतीला लगाम घातला. इंटेलने ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ चा बेत २००४ मध्ये सोडून दिला. २००६ मध्ये आलेले कोअर २ हे प्रोसेसर कमी गिगाहर्ट्झवर चालूनही आधीच्यांपेक्षा सरस ठरले.

हे सारे घडून बराच काळ लोटला असला तरी सवय गेलेली नाही. गिगाहर्ट्झच्या जोडीला आता ‘कोअर’ची, म्हणजे एकाच प्रोसेसरमधील स्वतंत्र गणनविभागांची संख्या सांगितली जाते. पण आज्ञावली एकाच कोअरवर चालणारी असेल तर उरलेले कोअर तिच्या मदतीला येत नाहीत. चार कोअर असलेल्या यंत्रावर अशी आज्ञावली पूर्ण ताकदीने चालत असताना एकूण वापर अवघा २५ टक्के दिसतो. तो पाहून ‘प्रोसेसर तर रिकामाच आहे’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल.

‘किमान’ आणि ‘पुरेसे’

दुसरा आकडा आज्ञावलीच्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकात सापडतो. अमुक प्रोसेसर, इतकी रॅम, डिस्कवर इतकी मोकळी जागा, अशी ‘किमान आवश्यकता’ तेथे दिलेली असते. तिचा एक उपयोग निश्चित आहे : जे यंत्र त्यात बसत नाही त्यावर ती आज्ञावली नीट चालण्याची हमी नाही, हे कळते. पण बसणाऱ्या यंत्रावर काम सुखाने होईल असे ती सांगत नाही. उत्तीर्ण होण्यासाठी ३५ गुण लागतात. ३५ गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला विषय चांगला समजला आहे, असे आपण म्हणत नाही.

मायक्रोसॉफ्टच्या विंडोज व्हिस्टाच्या वेळी हा फरक न्यायालयापर्यंत गेला. ही प्रणाली जानेवारी २००७ मध्ये सर्वांसाठी विक्रीस आली. पण २००६ पासूनच नव्या संगणकांवर ‘व्हिस्टा कॅपेबल’ असे लेबल लावले जात होते. त्यासाठी ८०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि ५१२ मेगाबाइट रॅम पुरत होती. प्रणालीचे ज्या पारदर्शक, देखण्या खिडक्यांसाठी कौतुक चालले होते, त्या मात्र यांतील अनेक यंत्रांवर दिसतच नव्हत्या. त्यासाठी १ गिगाबाइट रॅम आणि अधिक सक्षम ग्राफिक्स लागत, आणि तशा यंत्रांना वेगळे लेबल होते. अमेरिकेतील ग्राहकांनी २००७ मध्ये खटला भरला. लेबलाचा निकष सैल केल्याबद्दल कंपनीतल्याच लोकांनी नाराजी व्यक्त केल्याची पत्रे २००८ मध्ये उघड झाली. २००९ मध्ये हा सामुदायिक खटला पुढे टिकला नाही. पण ‘कॅपेबल’ या एका शब्दात किती अर्थ लपवता येतात, हे त्यातून दिसले.

याची उलट बाजूही आहे, आणि शाळांच्या दृष्टीने ती महत्त्वाची आहे. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ च्या अटींत ४ गिगाबाइट रॅम आणि ६४ गिगाबाइट जागा यांखेरीज ‘टीपीएम २.०’ हा सुरक्षिततेचा भाग आणि ठरावीक यादीतील प्रोसेसर यांचा समावेश आहे. यांतील टीपीएमची अट वेगाशी संबंधित नाही. गुप्त किल्ल्या सुरक्षित ठेवणे, हे त्या भागाचे काम. त्यामुळे एखादे यंत्र शाळेच्या सर्व कामांना पुरून उरत असूनही अपात्र ठरते. दुसरीकडे, अवघी ४ गिगाबाइट रॅम असलेले यंत्र पात्र ठरते आणि ब्राउझरची चार-पाच पाने उघडताच धापा टाकू लागते. पात्र असणे आणि पुरेसे असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. अपात्र म्हणून भंगारात काढण्यापूर्वी त्या यंत्रावर लिनक्स घालून आपल्या आज्ञावली, मराठी टंकलेखन आणि प्रिंटर चालतो का, हे एका यंत्रावर तरी पाहिलेच पाहिजे.

एकाच गुणात सर्व काही

तिसरा प्रकार एकत्रित गुणांचा. यंत्राच्या सर्व भागांची चाचणी घ्यायची आणि शेवटी एक आकडा सांगायचा. विंडोज व्हिस्टामध्येच अशी एक सोय होती. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स, खेळांसाठीचे ग्राफिक्स आणि मुख्य डिस्क या पाचांना स्वतंत्र गुण मिळत. व्हिस्टात हे गुण १.० ते ५.९ या दरम्यान असत, तर २००९ च्या विंडोज ७ मध्ये कमाल मर्यादा ७.९ झाली. एकूण गुण काढताना मात्र सरासरी घेतली जात नसे. पाचांतील सर्वांत कमी गुण हाच यंत्राचा गुण मानला जाई.

आमच्या मते ही कल्पना फार चांगली होती, आणि तिच्यावर झालेली टीका बरीचशी अन्यायाची होती. विंडोज ७ मध्ये साध्या फिरत्या हार्ड डिस्कला ५.९ हून जास्त गुण मिळत नसत. महागडा प्रोसेसर घेऊनही यंत्राचा गुण ५.९ वरच अडकलेला पाहून लोक चिडत आणि चाचणीलाच नावे ठेवत. वास्तविक चाचणी खरे तेच सांगत होती : तुम्ही पैसे एका ठिकाणी घातलेत आणि अडचण दुसऱ्या ठिकाणी आहे.

तिच्यात उणीव होती ती वेगळी. आपण संगणकावर काय करतो हे तिला ठाऊक नव्हते. ज्या शाळेत पत्रे लिहिणे आणि निकालपत्रके बनवणे एवढेच काम चालते, तेथेही खेळांच्या ग्राफिक्सचे गुण कमी पडले की एकूण गुण खाली येत असे. २०१३ च्या विंडोज ८.१ मध्ये ही गुणपत्रिका पडद्यावरून काढून टाकण्यात आली. पाच भाग वेगवेगळे तपासण्याचा धडा तिच्याबरोबर जायला नको होता. आज मिळणाऱ्या अनेक चाचण्या पुन्हा एकच भलामोठा आकडा देतात आणि दुबळा भाग त्या आकड्याखाली झाकला जातो.

वेळ कोठे जातो?

तिन्ही आकड्यांतून निसटणारा प्रश्न हा, की आपले काम होत असताना वेळ नेमका कोठे जातो? जीन ॲमडाल या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९६७ मध्ये अनेक प्रोसेसर एकत्र जोडण्याच्या संदर्भात मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. एखादा भाग कितीही जलद केला तरी एकूण फायदा त्या भागात जाणाऱ्या वेळेपुरताच मर्यादित राहतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका कामाला १०० सेकंद लागतात. त्यांतील ८० सेकंद डिस्कची वाट पाहण्यात, १५ सेकंद प्रोसेसरच्या गणनेत आणि ५ सेकंद इतर गोष्टींत जातात. प्रोसेसर दुप्पट जलद केला तर १५ चे ७.५ होतील आणि एकूण वेळ ९२.५ सेकंद होईल. प्रोसेसर अनंतपट जलद केला, तरी ८५ सेकंद लागतीलच. त्याऐवजी डिस्कचा भाग दसपट जलद केला तर ८० चे ८ होतील आणि सारे काम २८ सेकंदांत उरकेल. हे गणित सातवीच्या विद्यार्थ्यालाही करता येईल. पण ते करण्यासाठी आधी ८०, १५ आणि ५ हे आकडे माहीत हवेत, आणि ते दरपत्रकात नसतात.

डिस्क इतकी मागे का पडते, हेही साध्या अंकगणिताने समजते. नेहमीची हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी असलेली माहिती वाचकशीर्षाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.२ मिलिसेकंद थांबावे लागते. शीर्ष योग्य वर्तुळावर सरकायला आणखी ९ मिलिसेकंदांच्या आसपास जातात. एकूण साधारण १३ मिलिसेकंद. याचा अर्थ विखुरलेल्या जागी असलेले जेमतेम ७५ तुकडे एका सेकंदात वाचून होतात. संगणक सुरू होताना असे हजारो लहान तुकडे वाचावे लागतात. ३००० तुकड्यांना सुमारे ४० सेकंद लागतील. सॉलिड स्टेट डिस्क, म्हणजे एसएसडी, हिच्यात फिरणारे काहीच नसते. तिला एका तुकड्यासाठी साधारण ०.१ मिलिसेकंद लागतो. तेच काम ती सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात करील. प्रत्यक्षात इतर कामेही असतात, त्यामुळे इतका मोठा फरक जाणवत नाही. तरीही जुन्या यंत्रात एसएसडी बसवल्यावर ते नव्यासारखे वाटू लागते, याचे कारण या हिशोबात आहे. जुन्या यंत्राची जोडणी एसएसडीला पूर्ण वेग देत नसली, तरी विखुरलेले तुकडे शोधण्यातला हा लाभ मिळतोच.

रॅमची गोष्ट थोडी निराळी आहे. रॅम म्हणजे कामाचे टेबल आणि डिस्क म्हणजे पलीकडच्या खोलीतले कपाट. टेबलावर सर्व कागद मावत असतील तर टेबल आणखी मोठे करून काम लवकर होत नाही. मावत नसतील तर मात्र दर वेळी एक कागद कपाटात ठेवून दुसरा आणावा लागतो आणि सारा दिवस येरझाऱ्यांत जातो. म्हणून ४ गिगाबाइटची ८ केल्यावर एखाद्या शाळेला मोठा फरक दिसतो आणि ८ ची १६ केल्यावर तिलाच काहीच दिसत नाही. प्रणाली ३२ बिटची असेल तर तेथील विंडोज ४ गिगाबाइटपलीकडची रॅम वापरूच शकत नाही. शिवाय डीडीआर ३ प्रकारची जागा असलेल्या यंत्रात डीडीआर ४ ची पट्टी बसत नाही. या दोन गोष्टी मागणी नोंदवण्यापूर्वीच पाहायच्या.

टेबल मोठे करून देतो असे सांगणारे फसवेही निघतात. १९९५ मध्ये अमेरिकेत ‘सॉफ्टरॅम ९५’ नावाची आज्ञावली रॅम दुप्पट करण्याच्या दाव्यावर लाखोंनी खपली. तज्ज्ञांनी ती उकलून पाहिली, तेव्हा ती तसे काहीच करत नसल्याचे आढळले. तेथील फेडरल ट्रेड कमिशनने १९९६ मध्ये कंपनीला असे दावे करण्यास मनाई केली. घड्याळ घेऊन आधी आणि नंतर मोजणाऱ्याची अशी फसवणूक झाली नसती.

मोजून पाहण्याचा प्रयोग

मोजण्यासाठी फार साधने लागत नाहीत. संगणक खोलीतील एक यंत्र निवडावे. शाळेत खरोखर होणारी तीन कामे ठरवावीत. उदाहरणार्थ, यंत्र सुरू करून पहिले पत्र उघडणे, ब्राउझरमध्ये नेहमीची पाच पाने उघडणे आणि ‘स्टेलेरियम’ या आज्ञावलीत रात्रीचे आकाश फिरवून पाहणे. प्रत्येक काम तीनदा करावे आणि वेळ विद्यार्थ्यांनी घड्याळावर मोजावी. दर वेळी यंत्र बंद करून पुन्हा सुरू करणे आवश्यक आहे, कारण एकदा वाचलेली माहिती रॅममध्ये राहते आणि दुसऱ्या वेळचे काम उगाच जलद भासते.

काम चालू असताना विंडोजमधील टास्क मॅनेजर उघडून ठेवावा. लिनक्समध्येही अशी सोय असते. त्यात प्रोसेसर, रॅम, डिस्क आणि नेटवर्क यांचे आलेख दिसतात. डिस्क सतत १०० टक्क्यांवर आणि रॅम भरलेली असेल, तर आधी रॅमचा विचार करावा. त्या वेळी डिस्कची धावपळ रॅमच्या टंचाईमुळेही असू शकते. रॅम मोकळी असून डिस्क १०० टक्क्यांवर असेल, तर एसएसडी घ्यावी. डिस्क आणि रॅम दोन्ही निवांत आणि एखादा कोअर पूर्ण व्यग्र असेल, तरच प्रोसेसर अपुरा आहे, आणि जुन्या यंत्रात तो बदलणे सहसा परवडत नाही. स्टेलेरियम उघडतच नसेल किंवा आकाश धक्के खात फिरत असेल, तर दोष बहुधा ग्राफिक्सचा आहे. तेथे रॅम वाढवून उपयोग होणार नाही. सर्व भाग निवांत असूनही पाने उघडत नसतील, तर अडचण इंटरनेटच्या जोडणीत आहे.

खर्चापूर्वी दोन गोष्टी फुकटात करता येतात. यंत्र सुरू होताच आपोआप चालू होणाऱ्या अनावश्यक आज्ञावली बंद कराव्यात, आणि पंख्यावर व उष्णताशोषकावर बसलेली धूळ यंत्राची वीज तोडून झाडावी. तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपले घड्याळ आपोआप मंद करतो. त्यानंतर पुन्हा मोजावे. तरीही गरज उरली तर एकच भाग, एकाच यंत्रासाठी आणावा आणि तीच तीन कामे पुन्हा मोजावीत. एका वेळी एकच बदल, हा प्रयोगाचा नियम येथेही लागू आहे. रॅम आणि डिस्क एकदम बदलली तर फायदा कशामुळे झाला हे कळणार नाही. फरक समाधानकारक असेल तरच उरलेल्या यंत्रांची मागणी नोंदवावी.

दोष नेहमी यंत्राचाच असतो असेही नाही. ‘पास्कल’ या संगणकभाषेचे निर्माते निकलाउस विर्थ यांनी १९९५ मध्ये एका लेखात दाखवून दिले होते, की यंत्रे ज्या गतीने सुधारतात त्याहून जास्त गतीने आज्ञावली जडावत जातात. त्यानंतरच्या तीस वर्षांत त्यांचे म्हणणे खोटे ठरलेले नाही. हलक्या आज्ञावलीने काम भागत असेल, तर तिची निवड हेही एक अपग्रेडच आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

शाळेकडे संगणकासाठी पैसा वारंवार येत नाही. देणगीतून किंवा अनुदानातून आलेली रक्कम चुकीच्या भागावर गेली, तर पुढची कित्येक वर्षे मुलांच्या तासातली दहा-दहा मिनिटे यंत्र सुरू होण्याची वाट पाहण्यात जातात. दरपत्रकातील आकडे खोटे नसतात. ते फक्त दुसऱ्याच प्रश्नाची उत्तरे असतात. आपल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच संगणक खोलीत मोजावे लागेल, आणि ते मोजण्याचे काम विद्यार्थ्यांवर सोपवता येईल. पुढच्या वेळी तुलनात्मक तक्ता शाळा समितीपुढे जाईल, तेव्हा त्यासोबत विद्यार्थ्यांनी भरलेला वेळेचा तक्ता जोडलेला असावा, एवढीच आमची सूचना आहे.